पुजलेले ब्रेक

१४ सप्टेंबर २०२५, रविवार
आजपासून गाडीची नोंद ठेवणार. पुढच्या ब्रेकमधून चींऽऽ असा आवाज. कारण दमट हवा. पनवेलला या दिवसांत दारंसुद्धा कुरकुरतात, ब्रेकचं काय घेऊन बसलात.
आभाला डॉक्टरांनी वीस ऑक्टोबर तारीख दिलीय. माझी धाकटी बहीण, पहिलं बाळंतपण, दाजी जहाजावर. तिला हॉस्पिटलात मी नेणार, माझ्या गाडीतून. आईला तसा शब्द दिलाय.

१७ सप्टेंबर
चीं बंद. आता खर्रर्र. आवाज बदलतोय म्हणजे सुधारणा आहे. बायकोचं, म्हणजे विनिताचं, मत नेमकं उलट. गाणी जरा मोठ्यानं लावली. बराच फरक पडला.

२० सप्टेंबर, शनिवार
विनिताच्या समाधानासाठी काशिरामच्या गॅरेजात गेलो. त्यानं चाक काढलं, डिस्कवरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं. म्हणाला, "साहेब, पॅड कवाच संपलाय. आता लोखंडावर लोखंड घासतंय. गारी हितंच ठेवा." डिस्क, पॅड दोन्ही बदलायला हवेत म्हणे. खर्च ऐकून चाक परत लावायला लावलं. घाबरवणं हा त्यांचा धंदाच असतो.
रात्री जेवताना तीन व्हिडिओ पाहिले. चार बोल्टचं काम. निम्म्या पैशात मी स्वतः करणार.

२३ सप्टेंबर
आभाला तपासणीला नेलं. येताना उड्डाणपुलाच्या उतारावर ब्रेक दाबला, तरी गाडी थोडी पुढे गेली. पुढच्या एसटीला लागली नाही. वीतभर जागा होती. आभानं एक हात डॅशबोर्डवर ठेवला, एक पोटावर. घर येईपर्यंत दोन्ही हात तिथंच. अशा दिवसांत बायका हळव्या होतात.

२७ सप्टेंबर, शनिवार
कळंबोलीहून दोन डिस्क, पॅडचा सेट. एकदम स्वस्त. डब्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही, म्हणजे जाहिरातीचा खर्च वाचला. दुकानदार म्हणाला, लावण्याआधी स्प्रेनं स्वच्छ पुसा, तेलाचा हात लागू देऊ नका. स्प्रे विकायची युक्ती. घेतला नाही.
आज लावणार होतो. पण खंडेनवमी चार दिवसांवर. नवं अवजार पुजल्याशिवाय वापरायचं नाही, ही आमच्या घरची रीत. दसऱ्याला बसवतो. मुहूर्तही, सुट्टीही.

२९ सप्टेंबर
ब्रेक दाबला की पायाखाली काहीतरी कुरतडतंय असं वाटतं. चाकाला हात लावून पाहिला. भाजला. बर्फ लावला. गाडी ऑफिसला नेणं कमी करावं का? उद्या ठरवू.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
देवीपुढे पाटावर पाने-पकडी, जॅक, डिस्क, पॅड, सगळं मांडलं. आईनं शेंदूर तेलात कालवून दोन्ही डिस्कवर स्वस्तिक काढलं. पॅडवरही एकेक काढायला लावलं. काही कमी नको. मन भरून आलं.

२ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळ ७
दोन तासांचं काम, नऊ तास लागले. विनितानं विचारलं, तो शेंदूर पुसायचा नाही का? पुजलेलं कोणी पुसतं का! उलट तेलाचा थोडा हात मीच लावून सारखा केला, गंज धरू नये म्हणून.
झेंडूचा हार घालून सोसायटीत एक चक्कर मारली. खर्रर्र पूर्ण गेलं. गाडी थांबायला मात्र जरा विचार करते. नवे पॅड बसायला वेळ लागतोच.

३ ऑक्टोबर
आज गाडीनं जास्तच विचार केला. चाकांतून धूर, घरात होम झाल्यासारखा वास. वॉचमननं विचारलं, साहेब, ब्रेक बघितला का? म्हटलं, मीच बसवलाय. तो गेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.
रविवारी काशिरामकडे सहज जाऊन येईन. दाखवायला नाही. गप्पा मारायला.

४ ऑक्टोबर, सकाळ ११.२०
आभाला कळा. सोळा दिवस आधी. नियोजन तयार होतं म्हणून बरं. ती खाली गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बसलीय, आई बॅग घेऊन शेजारी. मी पार्किंगमध्ये. गाडी काढतो.

४ ऑक्टोबर, संध्याकाळ ६
पार्किंगच्या उतारावर ब्रेक दाबला. पाय तळापर्यंत दाबला. काहीच झालं नाही. हॅन्डब्रेक ओढेपर्यंत गाडी गेटपाशी पोचली. विनितानं आभाला दंडाला धरून ओढलं. खुर्ची गाडीखाली गेली. आभा खुर्चीत नव्हती. एवढंच लिहिता येतंय.
आभानं माझ्याकडे पाहिलं नाही. विनितानं रिक्षा थांबवली आणि तिघी गेल्या. मला बसायला जागा नव्हती. मागून चालत गेलो.
मुलगी झाली. दोघी ठीक. आईनं बोटीवर दाजींना फोन करून सांगितलं, गाडीचा ब्रेक अचानक गेला, देवीनंच राखलं. विनिता माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावली.
अचानक काही गेलं नव्हतं. मला माहीत होतं. काशिरामकडे गेलो त्या दिवसापासून माहीत होतं.
सगळ्यांनी बाळ घेतलं. नर्सनं विचारलं, मामा कोण? मी हात धुवून येतो म्हणालो आणि बाहेर येऊन बसलो.