फिरतं बाकडं आणि मेंढ्याचं मुंडकं

आदरणीय जुमाबेक मामांस,

नारीनहून भाचा मिर्लान याचा दोन्ही हातांनी सलाम. आपली, मामींची, घोड्यांची आणि मेंढरांची तब्येत बरी असेल. गुडघे काय म्हणतात? यंदा लांडगे खाली उतरले का? आई म्हणते, दादाला लिही, एकदा तरी ये. मीही दर पत्रात तेच लिहितो आणि तुम्ही दर वेळी गुडघे पुढे करता.

लिहिण्याचं कारण विशेष काही नाही. आमच्या कॉलेजने आवारासाठी कलाकृतीचे प्रस्ताव मागवले. अट अशी, की लोकांनी ती नुसती लांबून पाहू नये. हात लावावा, चढावं, बसावं. सात वर्षं मी इथे चित्रकला शिकवतो आणि सात वर्षांत कॉलेजने माझ्याकडून रंगवून घेतलं ते कुंपण. मनातलं म्हणावं असं काम हे पहिलंच. मी एक मोठं गोल बाकडं केलं. मधलं मेज जमिनीत घट्ट. भोवतीचं बाकडं मात्र पायाने जमीन रेटली की फिरतं. सगळे सारखे, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. (कागदावर ही कल्पना फार शोभते.) मंजूर झालं तर कायमचं आवारात राहील, नाहीतर हिवाळ्यात वसतिगृहाच्या शेगडीत जाईल. त्या विचाराने मला झोप लागत नाही, पण ते असो.

समिती पाहणीला आणि त्यावरच बसून जेवायला आली आणि उभीच राहिली. गोलाला वरची बाजू कुठली? दारासमोरची जागा मानाची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण उघड्या आवाराला दार कुठलं? उपप्राचार्या बुरुलबाई म्हणाल्या, मोठं फाटक. हिशेबनीस म्हणाले, स्वयंपाकघर. (त्यांना भूक लागली होती.) चहा दोनदा निवला. शेवटी फाटक ठरलं. प्राचार्य कादिरकुल फाटकाकडे तोंड करून बसले, बाकीचे वयाप्रमाणे खाली खाली, आणि सर्वांत धाकटा म्हणून मी फाटकाकडे पाठ करून, चहा ओतायला. किटली माझ्यापुढे मेजावर ठेवली. मेंढ्याचं उकडलेलं मुंडकं रीतीप्रमाणे सर्वांत वडील म्हणून प्राचार्यांपुढे आलं. त्यांनी सुरी उचलली आणि नेमके तेव्हाच हिशेबनिसांनी आखडलेले पाय ताणले. बाकडं फिरलं. (काय सुरेख फिरलं, मामा! जराही कुरकुर नाही.) मेज जागच्या जागी, माणसं पुढे. थांबलं तेव्हा मुंडकं माझ्याकडे बघत होतं आणि प्राचार्य किटलीपुढे होते.

"आता चहा मीच ओतायचा का?" ते म्हणाले.

"नको सर, मी आलोच तिकडे," म्हणून मी उठायला गेलो.

"तू हलू नकोस रे बाबा!" बुरुलबाई ओरडल्या. "अजून कुठे नेशील आम्हाला!"

पुढ्यात आलेलं अन्न नाकारायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी कान कापून खाल्ला. कोणी हसलं नाही. बाकडं कसं फिरलं हे तर कोणी पाहिलंच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

निकाल असा, की येत्या शुक्रवारी सगळं पहिल्यापासून. जेवण संपेपर्यंत बाकडं दोराने बांधायचं आणि मुंडकं प्राचार्यांपर्यंत नीट पोचलं तर मंजुरीची सही.

मामींना सलाम, लहानांना पापे.

आपला भाचा,
मिर्लान

ता. क. शुक्रवारचा मेंढा मीच आणायचा आहे. भाचा मामाकडून मागेल ते नेतो, त्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं तुम्ही नेहमी म्हणता. मी येत नाही. त्याबदल्यात एक मेंढा पाठवा. सातातून एक गेला, सहा मेंढरांचा फायदा तुमचाच.

ता. क. २. डोक्याने जरा मोठा असावा.

ता. क. ३. वर "एकदा तरी ये" असं लिहिलं आहे ते आईचं. तुम्ही ब्याऐंशी वर्षांचे. तुम्ही आलात की मुंडकं तुमच्यापुढे आणि प्राचार्य पुन्हा किटलीपाशी. तेव्हा शुक्रवारी मेंढा येऊ द्या, तुम्ही येऊ नका. शनिवारी या. बाकडं राहिलं असेल तर दोर सोडीन. कितीही फिरा, तुम्ही बसाल तीच मानाची जागा. नसेल राहिलं, तर शेगडीपाशी बसू.