चार वाजताचे ठोके

४ फेब्रुवारी

उचकटला एकदाचा! बैठकीच्या खोलीतला तो प्लायवूडचा तक्ता. सोमवारी गॅसवाला येऊन जुना हीटर काढून, नळी बंद करून गेला, तेव्हापासून हात शिवशिवत होते. तक्त्यामागे विटांचे तुकडे, ढीगभर काजळी, काटक्या (धुराड्यात पक्ष्यांनी संसार थाटला असणार) आणि या सगळ्या पसाऱ्यामागे खरीखुरी जुनी आगटी! बिडाची. कुणा शहाण्यानं तिला चॉकलेटी ऑइलपेंट फासलाय, पण आहे शाबूत. दोन्ही अंगांना हिरव्या टाइल्स. एकच तडकलीय.

जमिनीवर बसून नुसती बघत राहिले. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन उचलला. मुलाकडे, रोवनकडे, कॅल्गरीत अजून पहाटच असणार. ठेवून दिला.

५ फेब्रुवारी

लिहूनच ठेवते, म्हणजे मागाहून पळवाट नको. मुलाजवळ राहावं म्हणून मी या वयात दक्षिणेतलं केंट सोडून इकडे उत्तरेला, कीथलीत आले. भिंतीला भिंत लागलेली दगडी घरांची रांग, त्यातलं हे एक. वर्ष पुरं व्हायच्या आत मुलगा बायकोला घेऊन कॅनडाला गेला! जाताना म्हणाला, "आई, तू इथे छान रुळशील." रुळतेय कसली. पोस्टमन सोडला तर माझं नाव कुणाला ठाऊक नाही.

केंटमधल्या मैत्रिणीचा, मॅरियनचा, रोज फोन. "वेंडी, काय कुढत बसलीस तिथे? माझ्या मागच्या खोलीत ये. रिकामीच आहे." रिकामी कुठली! तिथे तिचा कुत्रा झोपतो.

तर ठरलं असं — आगटी मी स्वतःच्या हातांनी नीट करणार. ती पेटेल त्या दिवशी समोर बसायला या गल्लीतलं एक जरी माणूस असलं, तर इथेच राहायचं. नसलं, तर घर विकून कुत्र्याच्या खोलीत.

६ फेब्रुवारी

आज छिन्नी-हातोडी. आगटीच्या पाठीमागच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापलेला होता, तो फोडला. ठाण ठाण ठाण! साऱ्या अंगावर काजळी. चारच्या सुमारास दारावर थाप. शेजारचे बॅरक्लफ. सत्तरी उलटलेला, लांबोडका, तोंडावर कायमचा ढग असलेला माणूस. मी आल्यापासून कचऱ्याच्या डब्यापाशी मान हलवण्यापलीकडे आमची मजल गेलेली नाही. आज टोपी काढून दारात उभे. काखेत कसलासा डबा. कुठेतरी निघाले असावेत.

लाजेनं मेल्यासारखं झालं. त्यांची आगटी माझ्या आगटीच्या पाठीला पाठ लावून, मधे एक भिंत फक्त! "आवाजाबद्दल माफ करा हं, मिस्टर बॅरक्लफ," मी म्हटलं. "आता लगेच बंद करते." ते माझ्या काळ्या तोंडाकडे बघत राहिले. मग "हं" म्हणाले. मी पुन्हा माफी मागून दार लावून घेतलं.

७ फेब्रुवारी

चार वाजता मागच्या भिंतीवर — ठक. ठक. ठक. लोखंडाचा आवाज. मी हातोडी खाली ठेवली. समजलं, बाबा!

११ फेब्रुवारी

रोज! रोज चार वाजता ठोकतात. सकाळी कितीही आदळआपट करा, अवाक्षर नाही. चार वाजले की ठक ठक ठक. म्हाताऱ्याची झोपेतून उठायची वेळ असेल. मी आता साडेतीनलाच अवजारं आवरते. तरी ठोकतात! आज तर मी स्टुलावर नुसती बसले होते, रेडिओसुद्धा बंद. आता काय श्वास घ्यायचीही चोरी?

१५ फेब्रुवारी

बिडावरचा रंग निघतोय. औषध लावायचं, फुगला की पात्यानं खरवडायचा, मग तारेचा ब्रश. चॉकलेटीखाली पांढरा, पांढऱ्याखाली हिरवा, त्याखाली काळंभोर बीड आणि त्यात कोरलेली द्राक्षांची वेल. काय सुंदर काम! "अगं बघ तरी!" असं मोठ्यानं म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

१८ फेब्रुवारी

कचऱ्याच्या डब्यापाशी बॅरक्लफ.

"बरेच दिवस चाललंय तुझं."

"हो ना. माफ करा. संपेलच लवकर."

"घाई कुणाला आहे?" मग बुटांकडे बघत, "माणसानं थांबावं मधे. चार वाजता तरी."

थांबतेच आहे की! घरात येऊन रडले. एवढ्याशा गोष्टीला रडायचं काय कारण, पण रडले. आज बाहेरच्या माणसाशी झालेलं तेवढंच बोलणं.

२० फेब्रुवारी

लोण्याच्या बिस्किटांचा चांगला डबा आणला. वर चिठ्ठी: "त्रासाबद्दल क्षमस्व. वेंडी लकहर्स्ट, शेजारीण." त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि चोरासारखी पळाले.

२१ फेब्रुवारी

आज दुप्पट जोरात ठोकलं! तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. बिस्किटं खाऊन वर ही अरेरावी!

२ मार्च

धुराडंवाला येऊन गेला. पोत्यात मावेना इतक्या काटक्या निघाल्या. धूर सोडून पाहिला, कुठे गळत नाही. मागची भिंत पक्की आहे म्हणाला. आहेच. ठोके तिच्यातून चांगले खणखणीत येतात.

९ मार्च

बसस्टॉपवर समोरच्या घरातली एनिड क्रॅबट्री आणि आणखी दोघी. मी गेले तशा तिघी गप्प. मी म्हटलं, "गारठा आहे ना?" एनिड म्हणाली, "इथे असतोच. सवय हवी." आणि पाठ फिरवली. या ऐंशीच्या बाईचं मी काय घोडं मारलंय? दुकानातही तेच. मी आत गेले की गप्पा बंद, सगळ्यांना एकाएकी बटाटे निवडायचे असतात. बॅरक्लफनंच माझ्या आवाजाची दवंडी पिटली असणार.

१६ मार्च

मँटेलची, म्हणजे आगटीच्या वर बसवायची, फळी आली. जुन्या सामानाच्या वखारीतून घेतली, ओकची, आखूड पण जाडजूड. टेम्पोवाल्यानं दारात टेकवली आणि गेला.

ही बसवायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाचा स्क्रू पिळायचा. एवढंच. कुणीतरी चार मिनिटं टोक धरायचं. कोट घालून बॅरक्लफच्या दाराशी गेले. हात वर केला. आतून कपबशीचा आवाज येत होता. ज्या माणसाला दीड महिना छळलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, या, माझी फळी धरा? हात खाली घेतला.

शेवटी एका टोकाखाली इस्त्रीचं टेबल, त्यावर उशी, त्यावर पुस्तकं. बसली फळी. थोडी तिरकी आहे, मलाच दिसेल अशी. तिच्यासमोर उभी राहून वाटलं — आता माझ्याइतकी एकटी बाई या देशात कुणी नसेल. जसंच्या तसं लिहिते, कारण तसंच वाटलं.

चार वाजता ठोके. "मरा!" असं ओरडले. भिंतीकडे तोंड करून.

१७ मार्च

आज ठोके नाहीत.

१८ मार्च

आजही नाहीत. ऐकू गेलं असेल का? चार वाजता कान भिंतीशी. वेडेपणा नाही तर काय! जो त्रास जावा म्हणून जीव काढला, तो गेला तर घर खायला उठलंय.

१९ मार्च

ठक. ठक. ठक. आज जरा हळू. देवा, किती बरं वाटलं! मॅरियनला यातलं काही सांगायचं नाही.

२७ मार्च

झालं. बिडाला काळं पॉलिश, टाइल्स लखलखीत, तडकलेली तशीच ठेवली. शनिवारी पेटवणार.

धीर करून बसस्टॉपवर एनिडला म्हटलं, "शनिवारी दुपारी आगटी पेटवतेय. याल का?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अरेच्चा! तुला माणसं लागतात होय?"

बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसले, न कळून. घरी येईपर्यंत तो हसरा चेहरा उतरवताही येईना.

३० मार्च

पेटली. पहिल्या काडीला. धूर सरळ वर गेला, बीड तापून टिकटिक करायला लागलं, टाइल्सवर उजेड नाचायला लागला. लिंबाचा केक केला होता. दोन खुर्च्या आगटीसमोर ओढल्या होत्या.

कुणी आलं नाही. चारला ठोके झाले. आज तरी नको होते.

केकचा एक तुकडा खाल्ला, बाकीचा फ्रीजरमध्ये. दुसरी खुर्ची जागच्या जागी नेऊन ठेवली.

१ एप्रिल

शब्द म्हणजे शब्द. एजंटला फोन केला. "आगटी मूळची का? मग लगेच जाईल घर!" म्हणाला. मॅरियन खूश. कुत्र्याला स्वयंपाकघरात हलवणार आहे.

१२ एप्रिल

सकाळी दारात विक्रीची पाटी लागली. चार वाजायच्या बेताला एनिड क्रॅबट्री, न विचारता आत! पेटत्या आगटीसमोरच्या खुर्चीत बैठक मारली. "एवढं घासूनपुसून चाललीस कुठे पोरी?" मी काही म्हणायच्या आत — ठक. ठक. ठक.

"ऐका!" मी म्हटलं. "अजून तक्रार!"

"कसली तक्रार?" एनिड माझ्याकडे बघतच राहिली. "चहा टाकलाय म्हणतोय विल्फ बॅरक्लफ. ये म्हणतोय. या रांगेत विस्तव सारायच्या सळईनं आगटीची पाठ ठोकली की तेवढाच अर्थ. त्याची आईही अशीच बोलवायची आम्हाला. तोंडानं बोलावणं त्याला जन्मात जमलं नाही. पहिल्यांदा तर तूच ठोकलंस! बिचारा केक घेऊन धावत आला, तर तू तोंडावर दार लावलंस. आम्ही म्हटलं, दक्षिणेकडची, असेल तोऱ्यात."

मी त्या भिंतीकडे वळले.

"माझ्या खिडकीतून दिसतं," एनिड म्हणाली. "रोज दोन कप काढतो. मग एक परत फळीवर ठेवून देतो."

सळई शोधायलाही थांबले नाही. हातोडीच घेतली, भिंतीवर तीनदा हाणली, आणि एनिडला तिथेच विस्तवासमोर सोडून शेजारी पळाले.