टोमासकाकांची भाषा, सहा महिन्यांत

३ मे
इथे परदेशात, लोअर हट शहरात, आमच्या शेजारी टोमासकाका राहतात. मूळचे पापुआ न्यू गिनीचे. त्यांची भाषा एकाच दरीतली, बोलणारे जेमतेम तीनशे. इथे ते आणि त्यांचा भाऊ, दोघंच बोलायचे. भाऊ गेल्या वर्षी गेला. ठरलं, ही भाषा मी वाचवणार. सहा महिन्यांत कोश. दरीच्या वरच्या अंगाची बोली, खालच्या अंगाची बोली, शिवाय डोंगरापलीकडची बहीणभाषा. सुलभा म्हणाली, आधी आपल्या लेकीला, ओवीला, मराठीत बोलतं कर. बायकोला प्रोजेक्टचा स्कोप कळत नाही.

१० मे
पहिलं रेकॉर्डिंग. ऑफिसचा हेडसेट मी स्वतः घातला. भारी आहे, आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळतो. काकांची मुलगी रूथ म्हणाली, एकदा ऐकून बघ. म्हटलं, क्वालिटीचं माझ्यावर सोड. 'स्वीट अ‍ॅज' म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'.

२४ मे
एक्सेल तयार. तिन्हींना तीन रंग. शब्द नंतर भरू.

१४ जून
काका शब्द द्यायचे सोडून रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागले. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, हसायचे, पुन्हा बोलायचे. रूथ म्हणाली, बाबांचा भाऊ खालच्या अंगाला वाढला होता, बाबा त्याच्या बोलीची नक्कल करून त्याला चिडवतायत. माझ्या अंगावर काटा आला. इथे जूनमध्ये थंडी असते, हीटर वाढवला. मग मध्येच विचारलं, गुडघ्याला काय म्हणता? शेड्यूल पाळायला हवं.

२८ जून
रूथला भाषा कळते, पण बोलता येत नाही. बापाला उत्तर इंग्रजीत देते. वाईट वाटलं. ओवीचं वेगळं आहे, ती मोठी झाली की बोलेल.

१६ जुलै
टोमासकाका गेले. न्यूमोनिया.

१७ जुलै
डेअरीत दूध घेताना मागून काकांचं हसणं ऐकू आलं. वळलो तर फ्रीज घरघरत होता. दूध तिथेच विसरून घरी आलो. रूथचा फोन. शनिवारी अंत्यविधी आहे, चर्चमध्ये लावायला बाबांचा पाच मिनिटं आवाज मिळेल का. म्हटलं, चौदा तास आहे. ती रडली. मलाही भरून आलं, थोडा अभिमानही वाटला.

१८ जुलै
फाइल्स उघडल्या. 'गुडघ्याला काय म्हणता?' मग शांतता. मग मी, 'व्हेरी गुड.' सगळ्या अशाच. हेडसेटने काकांना गोंगाट समजून गाळलं. आवाज फुल केला. माझ्या दोन प्रश्नांच्या मध्ये, खूप लांब, कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. तीच जागा अकरा वेळा ऐकली. माझाच श्वास असेल.

१९ जुलै
रूथला खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चर्चमध्ये तिने मला शवपेटीपाशी उभं केलं आणि हळूच म्हणाली, निरोप त्यांच्या भाषेत द्यायचा असतो. मला ऐकून कळते, पण तोंडात येत नाही. तू त्यांच्यासमोर चौदा तास बसलास. काहीही बोल, एक शब्द बोल, मी ओळखेन.
रेकॉर्ड होतंय म्हणून मी ऐकलंच नव्हतं. एकही शब्द आठवला नाही.