जावयाची अंगठी तापवण्याबद्दल

महाळुंगे,
रविवार

तीर्थस्वरूप मामांना, गणराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे मी आणि तुमची स्वप्नाली मजेत आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण मामी तुमचा फोन स्पीकरवर ठेवतात आणि निम्मी गल्ली ऐकते.

विषय अंगठीचा आहे. धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावून तुम्ही मला सोन्याची अंगठी वाण म्हणून घालायला घेतलीत आणि ती पेराशी अडली. चारचौघांत तुमचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा मीच पुढे झालो. आमच्या कंपनीत माझं दिवसभर हेच काम: बेअरिंग एकशेदहा डिग्रीला तापवायचं, ते फुगलं की शाफ्टवर सरकवायचं, आणि गार झालं की ते असं आवळून बसतं की हातोड्यालाही दाद देत नाही. तेच तुमच्या स्वयंपाकघरात केलं. अंगठी तव्यावर ठेवली, चिमट्याने उचलली, फुंकर मारली (खोटं कशाला बोलू, फुंकर पुरली नाही, कातडी भाजली) आणि बोटात सारली. टाळ्या पडल्या. मामी म्हणाल्या, जावई हुशार आहे हो! मागाहून हिशेब केला तर एवढ्याशा अंगठीचं फुगणं केसाच्या जाडीच्याही आतलं निघालं. ती सरकली ते माझ्या बोटाला धोंड्यांवरचं तूप लागलं होतं म्हणून. पण हे तिकडे बोलू नका, तिथे माझं नाव झालंय.

सोमवारी कामावर गेलो तर सेफ्टीचे धम्मरत्न साहेब म्हणाले, अंगठी काढा, नाहीतर मशिनला हात लावायचा नाही. नियम बरोबर आहे (नव्या लोकांना तो मीच शिकवतो). पण अंगठी हलेना. आमच्या धंद्यातला उपाय सरळ असतो, बाहेरचं तापवायचं आणि आतलं गार ठेवायचं. म्हणून घरी हात बर्फात बुडवला आणि वरून स्वप्नालीचा केस वाळवायचा ड्रायर लावला. बेअरिंगच्या आत रक्त नसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बोट आधी बधिर झालं, मग भाजलं, मग टम्म सुजलं. अंगठी होती तिथेच. स्वप्नाली म्हणाली, "आता थांबा, नाहीतर अंगठीसकट बोट काढावं लागेल!"

आठ दिवस मी पॅकिंगला बसून खोक्यांना टेप लावली. मग साहेबांनी सांगितलं, गणराजभाऊ, शनिवारपर्यंत निघाली नाही तर तुमच्या लाइनवर दुसरा माणूस घेणार. दहा वर्षांपासून ती लाइन माझ्याकडे आहे मामा. वाणाची वस्तू मोडायची नसते हे मला कळतं. तरी काल कंपनीच्या दवाखान्यात शालनबाई सिस्टरांनी अंगठी कापली. फार वाईट वाटलं. मोठ्या मनाने माफ करा.

आपला,
गणराज

ता. क. : मामींना वाचून दाखवत असाल तर इथेच थांबा.

ता. क. २ : अंगठी सांधायला आज कासारवाडीच्या सराफाकडे नेली. त्याने कापलेली कड दिव्याखाली धरली आणि मला बसायला सांगून चहा मागवला. आत तांबं आहे मामा, वर नुसता मुलामा. (म्हणजे माझा हिशेबही थोडा चुकला, तांबं सोन्यापेक्षा जास्त फुगतं.) तुम्हाला कुणी फसवलं असेल तर कळवा, दोघं जाऊन त्याच्याकडे बघू. फसवलं नसेल तर कळवू नका.

ता. क. ३ : स्वप्नालीला सांगितलंय की अंगठी वाढवायला टाकली आहे. तिने विचारलं तर तुम्हीही तेच म्हणा. तशीच एक सोन्याची करायला दिली आहे. दिवाळीला ती घालूनच येतो. तेव्हा सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन बघा आणि म्हणा, मी घातलेली अंगठी जावयाला शोभते.