खडू लावलेली दांडी

प्रिय अहो,

प्रिय लिहिल्यावर पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तोंडात आहे तेच लिहिलं. हसू नका. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे, कोंबडीचे पाय. तुमच्या बोटीवर फोन लागत नाही. तुमच्या ऑफिसातला कारकून म्हणाला, तुमच्याकडे येणारी सामानाची बोट निघतेय, काय लिहायचं ते पटकन लिहून द्या. म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. घाबरू नका असं लिहिणार होते, पण मीच एवढी घाबरलेय की कोणत्या तोंडाने लिहू? जुळ्यांतली मोठी बरी आहे. माझ्या मांडीवर झोपलीय. धाकटी आत काचेच्या पेटीत आहे.

आधी मोठीचं सांगते. नाक अगदी तुमचं, बसकं. भूक लागली की अख्खी गल्ली गोळा करते. धाकटीचा मात्र पहिल्यापासून आवाज नाही. तुमच्या आई म्हणायच्या, ही गुणाची गं, कुणावर गेली कोण जाणे. मी म्हटलं, माझ्यावर. तर म्हणाल्या, तुझ्यावर गेली असती तर आत्तापर्यंत शेजारणीशी भांडली असती. आम्ही दोघी किती हसलो होतो. आता त्या बाहेर पायरीवर बसून असतात. त्यांचं ते न बोलणंच मला सोसवत नाही.

तुम्हाला आठवतं, लग्न झाल्यावर तुम्ही मला बोट दाखवायला नेलं होतं? बोट डुलू नये म्हणून तिच्या पोटात दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असतात, असं सांगितलंत. पंप लावला की त्या भरतात. तुम्ही बटण दाबलंत, आणि थोड्या वेळाने दोन्ही दिवे हिरवे झाले. दोन्ही भरल्या, मी म्हटलं. तेवढ्यात माझा चहाचा ग्लास टेबलावरून आपला आपण सरकत निघाला. मी घाबरून तुमचा दंड धरला, तर तुम्ही हसून लोटपोट. म्हणालात, अगं वेडे, हा दिवा पाणी बघतच नाही. एकदा रिकामी टाकी भरून याला शिकवलंय, भरायला किती वेळ लागतो ते. तेवढा वेळ पंप चालला की हा म्हणतो भरली. मग पंप पाणी ओढो, नाहीतर नुसती हवा. मग तुम्ही लांब दांडीला खडू चोळून टाकीत सोडलीत. एका टाकीत खडू वरपर्यंत भिजला. दुसरीत जेमतेम टोकाला.

तेव्हा मला गंमत वाटली होती. दुसऱ्यांच्या बोटीची गंमतच वाटते.

मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून दोघींना पाजायचे. पहिल्या आठवड्यात मोठीचं पोट भरायला जेवढा वेळ लागला, तेवढाच धाकटीला. दुजाभाव नको म्हणून. काटा तिथे आला की एकीला काढायची, दुसरीला लावायची. धाकटीचं तोंड हलायचं, चुकचुक आवाज यायचा, मग ती झोपून जायची. मला वाटायचं, भरलं पोट. तिचे कपडे फारसे ओले होत नव्हते, तर मी म्हणायचे बरंय, धुणं कमी.

परवा तिची मान लुळी पडली तेव्हा पळत इथे आणली. इथल्या नर्सताईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं, मग माझ्या पदराखाली दिलं, आणि पिऊन झाल्यावर परत काट्यावर ठेवलं. आकडा तोच. जरासुद्धा हलला नाही. मी म्हटलं, ताई, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी मोठीला तसंच ठेवून दाखवलं. तिच्या वेळी हलला. तेव्हा तुमच्या बोटीवरचा तो सरकणारा ग्लास माझ्या डोळ्यांपुढे आला.

नर्सताई म्हणाल्या, तुझी चूक नाही पोरी, तिला ओढायची ताकदच नव्हती. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत नाही. काहीही म्हणा, पण म्हणा. आता नाकातल्या नळीने माझंच दूध तिच्या पोटात जातं, मोजून. पण छातीत कफ भरलाय, श्वास घेताना बरगड्या आत जातात. मी पेटीच्या भोकातून हात घालते. माझं बोट ती धरते, पण धरल्यासारखंच, जोर नाही.

डॉक्टर आज म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. कशाला, ते मी विचारलं नाही. काम अर्धवट टाकून बोट लगेच फिरत नाही, हे मला कळतं. तुम्ही या म्हणून हे लिहीत नाहीये. पेटीवर एक कार्ड लावलंय, त्यावर फक्त ‘जुळं, दुसरं’ असं लिहिलंय. नर्सताई येता-जाता विचारतात, हिला काय म्हणून हाक मारू गं? निघताना तुम्ही म्हणाला होतात, मी आल्यावर दोन्ही बाळांना मांडीवर घेईन, तोंडं बघेन आणि मगच नावं ठेवीन. मी शब्द पाळला, मनातल्या मनातसुद्धा ठेवलं नाही. पण आता थांबता येत नाही. सामानाची बोट तिथे पोचली की लगेच उलटी फिरते म्हणे. तिच्यावरच्या माणसाला जरा थांबवा, आणि तोंड न बघताच एक नाव लिहून द्या. एकच द्या, धाकटीचं. मी ते तिच्या कानाशी म्हणेन, तुमच्या आवाजात जमेल तसं. दोन शोधत बसू नका. मोठी तुमची वाट बघू शकते.

तुमचीच,
दोघींची आई