शेकडा दहाची वाढ

९ नोव्हेंबर, शनिवार

आज घरात आलं — गोडं तेल दोन लिटर, २९०. कापूर, २०. वाती घरीच वळते, त्याचं शून्य. आणि टपालानं घराच्या विम्याचा कागद — ६,२००! मागल्या साली ३,९०० होते. घर तेच, भिंती त्याच. एका वर्षात वाढलं काय?

११ नोव्हेंबर

विम्याचे एजंट भगवंतराव आदिलाबादहून आले. "वहिनी, समोरच्या खोलीत कापूस भरता, म्हणून वाढ. घरात माल नसला तं कंपनी शेकडा दहाच्या वर नाही वाढवत."

हे चिडले — "भाव नाही, तं कापूस का सडकेवर ठेवू?"

भगवंतराव हसले. "गुरुवारी साहेब पाहणीला येऊन राह्यले. तेवढा दिवस दुसरीकडं ठेवा की!"

१२ नोव्हेंबर

एकादशी. देवापुढं बसले, पण डोक्यात आकडेच. ३,९०० वर दहा टक्के — ४,२९०. एकोणीसशे दहा वाचतात. खोटं बोलायचं नाही, नुसता कापूस हलवायचा. देवाला तसंच सांगितलं.

१३ नोव्हेंबर

शेजारच्या मथुराबाईंना विचारलं. एकटा जीव, एकच खोली. "आणा ना माय! कापूस का मले चावते?" गड्यांनी आढ्यापर्यंत भरला. देवाचा कोनाडा झाकला गेला.

"आता माहा कार्तिकाचा दिवा कुठं लावू व?"

मी म्हटलं, "कणगीवर लावा. पण नेम मोडू नका." वातींची जुडी मीच दिली.

१४ नोव्हेंबर

समोरच्या खोलीत सतरंजी टाकून खुर्च्या मांडल्या. साहेबांनी फोटो काढले, तेलुगूत काही लिहिलं, ह्यांनी सही केली. मथुराबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. मला डोळा मिचकावला त्यांनी! हसू आवरेना.

रात्री हे म्हणाले, "कागद हाती येईपर्यंत राहू दे तिकडंच." मी हो म्हटलं.

१८ नोव्हेंबर

थंडी पडली. घरात पाय पसरायला जागा नाही म्हणून मथुराबाई ओसरीत निजतात. हे म्हणतात, दोन दिवसांत उचलू.

२० नोव्हेंबर

काल दिवेलागणीला मथुराबाईंचं घर जळलं.

दिवा लावून त्या तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या, तेवढ्यात. कापूस पेटला की हाक मारायलाही वेळ देत नाही. बंब आला तेव्हा भिंती उरल्या होत्या. आमच्याकडची भिंत काळी झाली, तेवढंच.

बाई आमच्या त्याच सतरंजीवर बसल्या आहेत. हात पोळलेत. औषध लावताना एकच बोलणं — "माय, तुमचा कापूस मले वाचवता नाही आला व."

मला देवघरात जाववलं नाही.

२३ नोव्हेंबर

भगवंतराव कागद घेऊन आले. वाढ शेकडा दहाच. "पाह्यलं वहिनी? कापूस घरात नव्हता, वाचले तुमी!" मथुराबाई आतच होत्या. ऐकलं असेल.

चहा केला नाही.

२५ नोव्हेंबर

विमा कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं. ह्यांना सांगितलं नाही. लिहिलं ते असं —

"मथुराबाईंच्या घरात जळला तो कापूस आमचा. पाहणीपुरता आम्हीच तिथे ठेवला. दिवा कुठे लावायचा ते मीच सांगितलं. आमची वाढ पुरी लावा, नाहीतर विमाच तोडा. बाईंच्या घराला विमा नव्हता. आमच्या विम्यातून त्यांची एक खोली उभी होईल का, ते उलट टपाली कळवा."