एमिलला मागे बसवून

डॅनफील्ड, सस्कॅचवान
९ जुलै १९८६

प्रिय लॉर्नदादा,
सप्रेम न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी वाच आणि मग रागाव. दृष्टी नसलेल्या नवऱ्याला दोघांच्या सायकलवर मागे बसवून हा अफाट मैदानी मुलुख पार करणं वेडेपणा आहे, असं तू म्हणाला होतास. काल दुपारी मलाही तेच वाटलं.

सकाळी सहाला निघालो. समोरून वारा, दोन्हीकडे नुसता गहू, सावलीला झाड नाही. एमिल मागून पेडल मारत म्हणत होता, की पुढची बाई नुसती शोभेला आहे. ऐंशी किलोमीटरनंतर त्याने एकदम माझ्या पाठीवर थाप मारली. वारा पडलाय, थांब, म्हणाला. मी वळून पाहिलं, तर पश्चिमेचं आभाळ हिरवंकाळं झालं होतं.

लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. एकीने त्याचं डोकं फुटलं. त्याला रस्त्याखालून पाणी जायच्या मोठ्या, कोरड्या पाइपात बसवून मी लांबच्या शेतघराकडे मदतीला धावले. घराला कुलूप होतं. परतले तेव्हा पाइपातून पाणी घोंघावत होतं आणि एमिल आत नव्हता.

दादा, मी किती वेळ हाका मारल्या कोण जाणे. शेवटी तो रस्त्यावरून आला, एक पाय डांबरावर, एक खडीवर ठेवून चाचपडत. पाणी गुडघ्याला लागल्यावर तो मला शोधायला निघाला होता. एवढी का ओरडतेस, मी कुठे जातोय, असं मलाच म्हणाला.

इथल्या दवाखान्यात त्याला पाच टाके पडलेत. ते निघेपर्यंत आठवडाभर आम्ही इथल्या हॉटेलात आहोत. मी त्याला सोडून गेले, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. परत फिरावं का? तूच सांग.

तुझी,
नॉर्मा

ब्रँडन, १४ जुलै

चि. नॉर्मास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी तुम्हाला आणायला ट्रक काढत होतो. तुझ्या वहिनीने किल्ली काढून घेतली आणि आधी फोन करायला लावला. तू कपडे धुवायला गेली होतीस. फोनवर एमिल भेटला.

तू परतलीस तेव्हा तो जागेवर नव्हता, हेच त्याला खातंय; तुझ्या त्या हाका त्याच्या कानांतून जात नाहीत. नॉर्माला तोंड कसं दाखवू, म्हणून गप्प आहे, म्हणाला. हे तुला सांगू नको, असंही म्हणाला. मी सांगतोय.

परत फिरायचं का, ते मला विचारू नकोस. त्याला विचार. त्याला न्यायचं की नाही यावर मी तुझ्याशी दोन महिने भांडलो, पण त्याला एकदाही विचारलं नाही.

माझ्यावरचा राग ओसरला की दोन ओळी टाक.

तुझा,
लॉर्न